मनी प्लांटचं पांढरं कुठे गेलं?

ताई, नमस्कार. दीडेक वर्षापूर्वी मैत्रिणीने तिच्या वेलाची एक फांदी तोडून दिली. मार्बल क्वीन मनी प्लांट, पांढऱ्यावर हिरवे शिंतोडे उडवल्यासारखी पानं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उंच कपाटावर कुंडी ठेवली आणि वेल खाली सोडले. सुरुवातीला घरी येणारा प्रत्येक जण या झाडाबद्दल विचारायचा. आता नवीन पानं येतात ती लहान, एकमेकांपासून लांब लांब आणि जवळजवळ पूर्ण हिरवी. उजेड कमी पडत असेल म्हणून पश्चिमेच्या खिडकीत हलवलं, तर चार दिवसांत पांढरी पानं तपकिरी होऊन वाळली. घाबरून पुन्हा कपाटावर ठेवलं. कुणी म्हणालं खत कमी पडतंय, म्हणून दर आठवड्याला खत घालते, तर खालची पानं पिवळी पडू लागली. एकच फांदी पूर्ण पांढरीशुभ्र आली होती. सगळ्यांत सुंदर तीच, म्हणून कापून पाण्याच्या बाटलीत लावली. दोन महिने झाले, ना मूळ ना पान. कुंडीच्या वरच्या भागात तर आता नुसत्या काड्या उरल्यात. पांढरं परत येईल का, की हे सोडून दुसरं झाड घेऊ? हा वेल हवा शुद्ध करतो म्हणतात, तर झोपायच्या खोलीत ठेवू का? आणि घरात मांजर आहे, ती लोंबणाऱ्या पानांशी खेळते. चालेल ना?

— एक वाचक

नमस्कार.

आधी जीव भांड्यात पडू द्या, झाड मरायला टेकलेलं नाही. पण तुम्ही पत्रात जे सलग लिहिलंय त्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पानं हिरवी होण्याचं कारण वेगळं, पांढरी पानं वाळण्याचं वेगळं आणि खालची पिवळी पडण्याचं तिसरंच. तिघांवर एकच औषध शोधायला गेलात म्हणून प्रत्येक उपायातून नवी तक्रार उभी राहिली.

हिरव्यापासून सुरू करते, कारण तुमची खरी हळहळ तिथे आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून तिथे अन्न तयार होत नाही. पांढरा भाग बसून खातो आणि हिरवा भाग कमावतो. भरपूर उजेडात हिरव्याची कमाई एवढी असते की पांढऱ्याचे लाड परवडतात. तेच झाड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की परवडेनासे होतात आणि नव्या पानांत हिरवं वाढतं. तेव्हा तुमचं झाड हिरवं पडतंय म्हणजे त्याला रोग झालेला नाही. मिळेल त्या उजेडात तगून राहायची त्याची धडपड चालली आहे. पानांमधलं अंतर वाढणं आणि पानं लहान होणं हाही त्याच धडपडीचा भाग. वेल उजेड शोधत लांबतो आहे, पानांवर खर्च करायला त्याच्याकडे काही उरत नाही.

मात्र हिरवं होण्याचे दोन प्रकार आहेत, आणि कुठला ते ओळखल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. पहिल्या प्रकारात वेलाच्या शेंड्यात पांढऱ्या आणि हिरव्या, दोन्ही वळणाच्या पेशी शाबूत असतात. फक्त उजेड कमी म्हणून पांढरं दबलेलं असतं. अशा वेलाला चांगल्या उजेडात आणलं की पुढच्या काही पानांत शिंतोडे परत दिसू लागतात. दुसऱ्या प्रकारात शेंड्यातून पांढऱ्या पेशी पार हद्दपार झालेल्या असतात. हिरव्या पेशी जोमाने वाढतात, पांढऱ्या मागे पडतात, आणि एका टप्प्यावर वाढणाऱ्या टोकात निव्वळ हिरव्याच उरतात. त्या शेंड्याला तुम्ही उन्हात न्या, दिव्याखाली ठेवा, काहीही करा, तिथून पुढे हिरवंच पान येणार. तिथे मागे जाऊन छाटणं हा एकच मार्ग.

आता हे ओळखायचं कसं? पानाकडे बघू नका, खोडाकडे बघा. कुंडी खिडकीशी आणा, एक वेल हातात घ्या आणि शेंड्याकडून कुंडीकडे सावकाश मागे या. दर पानाशी खोडाला एक वळं दिसेल, ते पेर. पानाचा देठ जिथे खोडाला बिलगतो त्या खोबणीत नखाच्या टोकाएवढा एक टोकदार उंचवटा असतो, तो डोळा. कधी तो वाळक्या, कागदासारख्या पापुद्र्याखाली लपलेला असतो, पापुद्रा बोटाने बाजूला सारला की दिसतो. त्याच पेरावर तपकिरी, बोथट गाठीसारखं जे दिसतं ते हवाई मूळ. आणि दोन पेरांच्या मधल्या खोडावर पांढऱ्या, मलईसारख्या आणि हिरव्या रेघा लांबच्या लांब ओढलेल्या असतात. काही केसाएवढ्या बारीक, काही रुंद पट्ट्यासारख्या. वेल बोटांमध्ये हळूच फिरवा, म्हणजे एका बाजूला पांढऱ्या रेघा दाट आणि दुसरी बाजू सपाट हिरवी, असंही दिसेल.

या रेघा डोळ्यापर्यंत येतात का, ते बघायचं. ज्या डोळ्याखालून पांढऱ्या आणि हिरव्या, दोन्ही रेघा गेल्यात, तिथून फुटणारी फांदी बहुतेक वेळा तुम्हाला हवी तशी, मिश्र रंगाची येते. डोळा सपाट हिरव्या पट्ट्यावर बसला असेल तर फांदी हिरवी, आणि निव्वळ पांढऱ्या पट्ट्यावर असेल तर पांढरीशुभ्र. अंदाज शंभर टक्के खरा ठरत नाही, पण नुसतं सुंदर पान बघून कापण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. अगदी देखणं पान असलेल्या पेरावरचा डोळा साफ हिरव्या बाजूला बसलेला असू शकतो, आणि एरवी हिरव्या दिसणाऱ्या पानाच्या बगलेतही पांढरी रेघ आलेली सापडते.

शेंड्याकडून मागे येताना जिथे पहिल्यांदा असा मिश्र रेघांचा डोळा भेटेल, त्या पेरापासून शेंड्याच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर सोडून कापा. कात्रीचं पातं आधी स्पिरिटने पुसून घ्या. शेंडा गेला की मागचा डोळा जागा होतो. उबदार दिवसांत तीन-चार आठवड्यांत कोंब दिसू लागतो, थंडीत जास्त वेळ लागतो.

पण सगळे वेल एका दिवसात छाटू नका. तुम्हाला ती हिरवी पानं नकोशी झाली असली तरी या घडीला मुळांना तीच पोसत आहेत. आधी निम्मे छाटा. त्यांवर नव्या, मिश्र रंगाच्या फांद्या येऊन तीन-चार पानं उलगडली की उरलेले छाटा. उलट टोकाची चूकही करू नका. हिरवे वेल कायमचे तसेच ठेवले तर ते इतके झपाट्याने वाढतात की शिंतोड्यांच्या फांद्या मागेच पडतात. एखाद्या वेलावर अगदी मातीपर्यंत एकही पांढरी रेघ सापडली नाही, तर तो आता साधा हिरवा मनी प्लांट झाला असं समजा आणि वेगळ्या कुंडीत लावा. वाईट झाड नाही ते, कोपऱ्यात राहील आणि तुमच्याकडून फारशा अपेक्षाही ठेवणार नाही. मैत्रिणीकडून दुसरा तुकडा मागाल तेव्हा मात्र पान न बघता खोड बघून मागा.

तुकड्यांवरून तुकडे हा या वेलाचा सगळा इतिहासच आहे. प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावरचं हे झाड फुलत जवळजवळ कधीच नाही. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयार होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागचा जनुकाचा दोष सापडला, आणि बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर झाडाला फुलं आणून दाखवली गेली. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून घराघरांतले हे वेल एकमेकांचे तुकडे आहेत. मार्बल क्वीन टिकून आहे ती कुणीतरी दर वेळी बरा डोळा निवडून कापत आलं म्हणून. कापणाऱ्याने निवड सोडली की काही पिढ्यांत रंग एका टोकाला जातो, निव्वळ हिरवा तरी होतो नाहीतर निव्वळ पांढरा.

त्यावरून बाटलीतल्या पांढऱ्या फांदीकडे येते. तिला मूळ फुटत नाही यात तुमच्या पाण्याचा, बाटलीचा, कशाचाच दोष नाही. आईच्या वेलावर होती तोवर तिला शेजारच्या हिरव्या पानांकडून आयतं अन्न मिळत होतं. कापल्यावर तो पुरवठा तुटला आणि आता ती खोडात साठवलेल्या शिदोरीवर दिवस काढते आहे. एखाद्या वेळी अशा फांदीला बारीकसं मूळ फुटतंही आणि आशा लागते, पण पुढे जायला तिच्याकडे भांडवल नसतं. दोन महिने ताजी राहिली हेच पुष्कळ. फुलदाणीतल्या फुलासारखी ठेवा, मऊ पडू लागली की काढून टाका. जिथून ती कापली ती जागा मात्र आजच तपासा. मागे उरलेला डोळाही पांढऱ्याच पट्ट्यावर असेल तर पुन्हा पांढरीच फांदी येईल आणि झाडाची शक्ती पुन्हा तिच्यावर खर्च होईल. तसं असेल तर आणखी एक-दोन पेरं मागे जाऊन, हिरवी रेघ असलेल्या डोळ्यापुढे कापा. पूर्ण पांढऱ्या फांदीचे फोटो काढा, पण तिला वाढवायच्या भरीस पडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

उजेडाचं आता. तुमचं कपाट कोपऱ्यात आहे, आणि कोपऱ्यात उजेड आहे असं आपल्याला वाटतं ते आपले डोळे जुळवून घेतात म्हणून. बाहेर भर उन्हात साधारण १,००,००० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो. आकाश दिसणाऱ्या खिडकीशी तो काही हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शे-दोनशेच उरतो. आपल्याला तिथे पुस्तक वाचता येतं, झाडाला मात्र तिथे जेमतेम जगता येतं. मोजायला यंत्र नको. भर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं मोजता येतील अशी सावली पडली तर जागा चांगली. कडा विरलेली, पण हात आहे एवढं कळणारी सावली पडली तर साधा हिरवा मनी प्लांट राहील, मार्बल क्वीन हळूहळू हिरवी होईल. सावलीच दिसली नाही तर तिथे प्लास्टिकचं झाड ठेवा, मी गंमत करत नाही.

कपाटाची आणखी एक खोड असते. खिडकीतून येणारा उजेड खाली आणि तिरका उतरतो. कुंडी खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षाही उंच असेल तर लोंबणाऱ्या टोकांना उजेड मिळतो आणि कुंडीचा माथा अंधारात राहतो. मग माथ्याची पानं गळतात आणि डोळे झोपूनच राहतात. तुमच्या ‘नुसत्या काड्या’ तिथून आल्या. छताच्या हुकाला टांगलेल्या कुंड्यांचंही हेच होतं. लटकत्या वेलाची कुंडी अशा उंचीवर हवी की तिच्या मातीवरून तुम्हाला आकाशाचा तुकडा दिसेल. वेल कितीही लांब लोंबोत, उजेड माथ्यावर पडायला हवा.

जागा बदला, पण मागच्यासारखी एका झटक्यात नको. अंधारात तयार झालेलं पान अंधारासाठीच घडलेलं असतं, त्याला थेट ऊन सोसत नाही. त्यातही पांढऱ्या भागात ऊन पचवायची सोय फारच थोडी. पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतरचं कडक ऊन थेट काचेतून आलं आणि पांढरं भाजलं. खिडकी चुकीची नव्हती. घाई झाली आणि मध्ये पडदा नव्हता. आता त्याच खिडकीपासून आधी दीडेक मीटरवर ठेवा, दर चार-पाच दिवसांनी थोडं पुढे सरकवा आणि दोन आठवड्यांत खिडकीजवळ आणा, मध्ये पातळ पांढरा पडदा ठेवून. पूर्वेची खिडकी असेल तर आणखी उत्तम, सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास आलं तरी सरावलेलं झाड ते मजेत घेतं. खिडकीच नसेल तर साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट कुंडीच्या वर फूटभर अंतरावर लावून रोज बारा तास चालू ठेवा. टायमर लावा, नाहीतर आठवडाभरात कंटाळा येतो.

भाजलेला भाग पुन्हा पांढरा होत नाही. पानाचा निम्म्याहून अधिक भाग वाळला असेल तर पान काढा, कमी असेल तर वाळलेलं तेवढं कात्रीने पानाच्या आकाराला धरून कापा. आणि एक मनाशी धरून ठेवा की कितीही जपलंत तरी जुन्या पानांचा पांढरा भाग आधी तपकिरी पडतो. वर्षभर जुन्या पानावर एखादा डाग आला म्हणून जागा बदलत बसू नका. काळजी करायची ती नव्या पानावर डाग आला तर.

डागांवरून पुष्कळ कळतं, जरा बारकाईने बघा. उन्हाने भाजलेला डाग पांढऱ्या भागाच्या मधोमध, काचेकडे तोंड असलेल्या बाजूला येतो, कोरडा असतो आणि बोटांत चुरगळला तर कागदासारखा कुरकुरतो. टोकं आणि कडा तेवढ्याच तपकिरी होत असतील तर मातीत क्षार साठलेत किंवा झाड फार वेळ कोरडं राहतंय. आणि डाग काळपट, ओलसर, भोवती पिवळी कड असलेला असेल तर मुळांकडे बघायची वेळ झाली. तुमच्या खालच्या पिवळ्या पानांमुळे मला मुळांचीच शंका येते.

कारण खत. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड जवळजवळ वाढत नाही, त्याला खत लागतच नाही. न वापरलेलं खत क्षार होऊन मातीत साठतं आणि मुळं पोळतात. पोळलेली मुळं पाणी ओढत नाहीत, माती ओली राहते, आणि ओल्या मातीत मुळं कुजतात. दर आठवड्याचं खत आजपासून पूर्ण बंद. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरट, खरखरीत थर दिसतो का बघा. दिसत असेल तर तो वरवरचा काढून टाका, कुंडी मोरीत ठेवा आणि तिच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश वरून ओता, खालून निथळू द्या.

त्याआधी एकदा झाड कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळं बघाच. चांगलं मूळ मलईच्या रंगाचं आणि कडक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते आणि मागे दोऱ्यासारखा धागा राहतो. वासही येतो, नाकाला लगेच कळतं. कुजलेली सगळी कापा आणि उरलेल्या मुळांना बेताने पुरेल एवढ्याच कुंडीत लावा. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, जास्त ओल आणि पुन्हा तोच त्रास. मातीसाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि एक भाग झाडाच्या सालीचे बारीक तुकडे पुरे. तळाला भोकं हवीतच. मुळं चांगली निघाली तर झाड त्याच कुंडीत परत ठेवा, वर सांगितल्यासारखे क्षार तेवढे पाण्याने धुऊन काढा, उगाच माती बदलू नका.

पाण्याला वार ठरवू नका. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली की घाला, तळातून निथळेपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओता. लटकत्या कुंडीत बोट घालणं अवघड जातं, तिथे कुंडी उचलून वजनावरून अंदाज घ्यायची सवय लावा, दोन-तीन वेळा केलं की हात शिकतो. एवढं लक्षात असू द्या की जितकं पांढरं जास्त तितकी वाढ कमी आणि तितकं पाणी कमी. दुसऱ्या कुणाचा हिरवा मनी प्लांट आठवड्याला पितो म्हणून तुमचा पिईलच असं नाही. खत पुन्हा सुरू करायचं ते नवी पानं नियमित येऊ लागल्यावर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं, महिन्यातून एकदा. थंडीत वाढ थांबली की खतही थांबवा. या वेलाला उबेची सवय आहे, १० अंशांच्या खाली पारा गेला तर पानं काळवंडतात, म्हणून थंड रात्री काचेला पानं टेकू देऊ नका.

माथ्याचं टक्कल भरायला नवं झाड आणायची गरज नाही. छाटलेल्या वेलांतून मिश्र रेघांचे तुकडे निवडा आणि असे कापा की प्रत्येकाला एक पान आणि एक पेर असेल. पेराशिवाय नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला पुढे फांदी फुटत नाही, कारण डोळाच नसतो. पेर पाण्यात आणि पान वर, अशी भांडी उजेडात ठेवा, पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. उबेत दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. ती तीन ते पाच सेंटिमीटर झाली की पाच-सहा तुकडे त्याच कुंडीच्या मोकळ्या माथ्यात खोचा. फार थांबू नका, पाण्यात लांब वाढलेली मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात. दुसरा मार्ग आळशी माणसाचा, आणि मला तोच आवडतो. एखादा चांगला लांब वेल न कापता वळवून मातीवरच गोल पसरायचा आणि केसांच्या आकड्यांनी पेरं मातीला टेकवून ठेवायची. मुळं धरतात, डोळे फुटतात, आणि तोवर मूळ झाड त्याला पोसत राहतं. नको असलेले तुकडे कचऱ्यात टाका, बाहेर रानात किंवा ओढ्याकाठी फेकू नका. हवाई आणि श्रीलंकेत हाच वेल मोकाट पसरून स्थानिक झाडांना डोईजड झाला आहे.

पानं मोठी हवी असतील तर वेल खाली सोडण्याऐवजी वर चढवा. लोंबणाऱ्या वेलाची पानं लहानच होत जातात, आधाराला धरून चढणाऱ्याची मोठी.

दुसरं झाड घेऊ का, हे विचारलंत. हे नीट होईल, तेव्हा निराश होऊन घेऊ नका, हौस म्हणून घ्या. रंग पळण्याची कटकट नको असेल तर सिंडॅप्सस पिक्टस हा चंदेरी ठिपक्यांचा वेल बघा. त्याच्या पानांवरची चांदी हरितद्रव्य नसल्यामुळे येत नाही. पानाच्या कातडीखाली हवेचा पातळ थर असतो आणि त्यावरून प्रकाश परावर्तित होतो, त्यामुळे ती मार्बल क्वीनच्या पांढऱ्यासारखी सहज पुसली जात नाही. ट्रॅडेस्कँशियाच्या गुलाबी-पांढऱ्या जाती झटपट वाढतात, पण तितक्याच झटपट हिरव्या फांद्या काढतात आणि त्या दिसल्या की बुडापासून खुडाव्या लागतात. दर आठवड्याला झाडापाशी पाच मिनिटं रेंगाळायला आवडत असेल तर घ्या. होया कार्नोसाच्या पांढऱ्या कडेच्या जाती फार सावकाश वाढतात, पण पान जाड आणि टिकाऊ. तिचे लांब, बिनपानांचे सुतळीसारखे शेंडे मेलेले समजून कापू नका, पानं तिथेच येतात. फुलं येऊन गेलेला देठही कापायचा नाही, पुढची फुलं त्याच देठावर येतात.

झोपायच्या खोलीत हवेसाठी नेऊ नका. १९८९ मधल्या नासाच्या अभ्यासावरून ही समजूत पसरली. तो अभ्यास हवाबंद पेटीत झाला होता, आणि आपलं घर हवाबंद नसतं. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा निघालं की दारं-खिडक्यांमधून होणाऱ्या हवेच्या ये-जा इतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तेव्हा खोली निवडताना हवा विसरा, जिथली खिडकी चांगली तिथे झाड.

मांजरीचं उत्तर सरळ आहे, चालणार नाही. मनी प्लांटच्या पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यावर ते तोंडात आणि घशात टोचतात. लाळ गळते, तोंड सुजतं, मांजर पंजाने तोंड पुसत राहतं, कधी ओकते. जिवावर बेतणं विरळ, पण त्रास बराच होतो. चघळलंच तर तोंडातले तुकडे काढा, थोडं पाणी पाजा आणि सूज किंवा श्वासाला त्रास दिसला तर न थांबता पशुवैद्याकडे न्या. सिंडॅप्ससमध्येही हेच स्फटिक आहेत, आणि ट्रॅडेस्कँशियाच्या रसाने मांजरीच्या कातडीला खाज सुटते. होया मांजरींना विषारी नाही. म्हणून तुमच्या घरी नवीन झाड यायचंच असेल तर माझं मत होयाला. मनी प्लांटचे वेल मांजरीच्या उडीच्या टप्प्याबाहेर राहतील एवढे आखूड ठेवा, नाहीतरी आता छाटायचेच आहेत. छाटणी मांजर दुसऱ्या खोलीत असताना करा, तुकडे लगेच उचला आणि हात साबणाने धुवा. मुळांसाठी पाण्यात ठेवलेले तुकडेही झाकणाच्या भांड्यात किंवा बंद खोलीत ठेवा. मांजरी त्या भांड्यातलं पाणी प्यायला हमखास जातात.